आधी काय बदलावे?

हळदीचा हंगाम आटोपला, वसमतच्या बाजारात माल विकला गेला आणि हाती पैसा आला, की हिंगोली जिल्ह्यातील अनेक घरांत खर्चाची यादी निघते. पीककर्ज, लेकीचे शिक्षण, गळणारे पत्रे, आजोबांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. या यादीच्या तळाशी कधीकधी ‘नवा कॅमेरा’ असे दोन शब्द लिहिलेले असतात. लिहिणारा मुलगा किंवा मुलगी विशीतली असते. जवळ एक कॅमेरा असतोच. दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेला, सोबत मिळालेल्या लेन्ससह. औंढ्याच्या शिल्पांची, कयाधूच्या काठची, शेजारच्या बारशाची छायाचित्रे लोकांना आवडू लागलेली असतात. आता कॅमेरा बदलल्याशिवाय पुढे पाऊल पडणार नाही, असे त्याला मनापासून वाटते. आईवडिलांना वाटते, आहे तो चालतो आहे ना? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते. मात्र निर्णय कशाच्या आधारे घ्यावा, हे दोघांनाही ठाऊक नसते.

वाचकहो, आरोग्यविषयक पाक्षिकात या प्रश्नाला जागा का द्यावी, असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. याची कारणे तीन. पहिले असे, की छायाचित्रण हा मन आणि शरीर दोघांनाही मानवणारा छंद आहे. इंग्लंडमधील लँकेस्टर आणि शेफिल्ड विद्यापीठांतील दोन संशोधकांनी रोज एक छायाचित्र काढण्याचा परिपाठ ठेवणाऱ्या मोजक्या लोकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसातून क्षणभर थांबून काही निरखणे, त्यानिमित्ताने घराबाहेर पडणे आणि काढलेले चित्र इतरांना दाखवून चार शब्द बोलणे, या तिन्हींचा त्यांच्या मनःस्वास्थ्याला हातभार लागत असल्याचे त्यात आढळले. घराबाहेर पडण्याचा लाभ मुलांच्या डोळ्यांनाही होतो. चीनमधील ग्वांगझौ येथील काही शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक मोकळ्या हवेत ठेवण्यात आले. तीन वर्षांनंतर त्यांच्यात लांबचे धूसर दिसण्याचा दोष जडण्याचे प्रमाण ३०.४ टक्के, तर इतर शाळांत ३९.५ टक्के भरले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्याच्या ओढीने मूल सकाळी माळावर जात असेल, तर त्या ओढीचे मोल जाणावे.

दुसरे कारण पैशाचे. चुकीच्या वेळी, चुकीच्या वस्तूसाठी काढलेले कर्ज घराची झोप उडवते आणि ज्या छंदाने विसावा द्यायचा, तोच धास्तीचे कारण होतो. तिसरे कारण खांद्याचे, मानेचे आणि पाठीचे. साधने वाढतात तसे ओझेही वाढते, आणि ते वाहणारे शरीर बाजारात बदलून मिळत नाही. म्हणूनच ‘आधी काय बदलावे’ या प्रश्नाचे उत्तर केवळ दुकानदाराकडे मागू नये. ते घरातच, स्वतः काढलेल्या छायाचित्रांत शोधावे.

शंभर फसलेली छायाचित्रे

गेल्या दोन-तीन महिन्यांत काढलेल्या छायाचित्रांतून मनासारखी न उतरलेली शंभर निवडावीत. प्रत्येकाचे फसण्याचे कारण वहीत एका शब्दात लिहावे आणि चार गट करावेत : हललेली, अंधारलेली, लांब राहिलेली आणि निर्जीव. पहिले तीन शब्द सहज उलगडतील. चौथ्या गटात तांत्रिकदृष्ट्या काही चुकलेले नाही, तरी पाहताच पुढे सरकावेसे वाटते, अशी छायाचित्रे येतात.

ज्या गटात सर्वांत जास्त छायाचित्रे, तीच आपली आजची अडचण, आणि जी वस्तू ती अडचण दूर करील तीच आधी घ्यावी. हा नियम साधा आहे, पण पाळला जात नाही, कारण आपण खरेदीची सुरुवात अडचणीपासून न करता मित्राच्या हातातील कॅमेऱ्यापासून करतो. मित्र पक्षी टिपतो, आपण देवळे टिपतो. त्याचा कॅमेरा आपल्या हाती आला, तरी देवळातला अंधार जिथल्या तिथेच राहील.

हललेल्यांचा गट

या छायाचित्रांकडे पुन्हा एकदा नीट पाहावे. संपूर्ण चित्र पुसट असेल तर हात हलला आहे. मागची भिंत स्पष्ट आणि पुढचे माणूस पुसट असेल तर माणूस हलले आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

हात हलत असेल तर प्रथम उभे राहण्याची रीत सुधारावी. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, डावा तळवा लेन्सखाली धरावा, पावलांत थोडे अंतर ठेवावे आणि श्वास सोडता सोडता बटण दाबावे. लेन्स जितक्या मिलिमीटरची, तितक्या अंशाहून शटर मंद ठेवू नये, असा जुना ठोकताळा आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला सेकंदाचा पन्नासावा भाग ही मर्यादा समजावी. सामान्य कॅमेऱ्यांतील सेन्सर लहान असल्याने प्रत्यक्षात ती ऐंशीव्या भागापर्यंत न्यावी. त्याहून मंद शटर हवे असेल तर तिपाई घ्यावी. तिपाई ही नवोदिताची सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत दीर्घायुषी खरेदी आहे. कॅमेरे बदलतात, चांगली तिपाई पंधरा वर्षे चालते. ती घेताना फार हलकी आणि डळमळती घेऊ नये. माळावरच्या वाऱ्यात ती थरथरते. मधल्या दांड्याला पिशवी अडकवता येईल अशी असावी, म्हणजे जागेवरचा एखादा दगड पिशवीत ठेवून तिला स्थिर करता येते. जड तिपाई घरून वाहून नेण्याची गरज उरत नाही.

माणूस हलत असेल तर तिपाईचा उपयोग नाही. तेथे शटर वेगवान हवे. शटर वेगवान केले की प्रकाश कमी पडतो, आणि आपण पुढच्या गटात येऊन पोहोचतो.

अंधारलेल्यांचा गट

बहुतेक नवोदितांच्या वहीत हाच गट मोठा निघतो. हिंगोलीच्या दसऱ्याच्या मेळ्यातील रात्र, औंढ्याच्या मंदिराचा सभामंडप, कुडाच्या घरातील चूल, मंगल कार्यालयाचा अपुरा उजेड : आपल्याकडचे जगणे अर्ध्या उजेडात अधिक घडते. (देवस्थानात परवानगी असेल तेथेच कॅमेरा काढावा, हे सांगणे नलगे.) येथेच ‘मोठ्या सेन्सरचा नवा कॅमेरा घ्या’ असा सल्ला मिळतो. तो घेण्याआधी पुढील हिशेब करून पाहावा.

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सचे छिद्र, ती थोडी पुढे ताणली की, एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरची साधी, झूम नसलेली लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, आणि प्रकाश त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला की सुमारे ९.७ येतात. म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश. मेळ्यात जेथे सेकंदाचा पंधरावा भाग शटर उघडे ठेवावे लागत होते, तेथे आता दीडशेवा भाग पुरतो, आणि पाळण्यातले मूल हसताना स्पष्ट उमटते.

आता कॅमेऱ्याचा हिशेब. सामान्य कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो, तर मोठा, ज्याला फुल फ्रेम म्हणतात, तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ काढले तर मोठा सेन्सर लहानाच्या २.४ पटीपेक्षा किंचित कमीच भरतो. लेन्स तीच ठेवून कॅमेरा बदलला तर अंधारात मिळणारा लाभ साधारण एवढाच. एकीकडे दहापट, दुसरीकडे सव्वादोन-अडीचपट. किमतीचा क्रम मात्र नेमका उलटा! ५० मिलिमीटर एफ १.८ ही बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते, आणि मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतला की त्याला साजेशा लेन्सही नव्याने घ्याव्या लागतात.

या लेन्सच्या मर्यादाही जाणून असाव्यात. ती झूम होत नाही. पुढे-मागे चालावे लागते, आणि चालणे तब्येतीला चांगलेच. लहान सेन्सरवर तिची नजर अरुंद होते. दहा बाय दहाच्या खोलीत सगळे कुटुंब तिच्यात मावणार नाही. घरातील आणि अरुंद जागांतील छायाचित्रे अधिक काढायची असतील तर ३५ मिलिमीटरची लेन्स पाहावी. छिद्र पूर्ण उघडले की फार थोडाच भाग स्पष्ट येतो, म्हणून डोळ्यांवर नेमका फोकस साधण्याचा सराव करावा लागतो.

लेन्सच्याही आधी प्रकाशच बदलून पाहावा, हे आणखी स्वस्त. आजीला चुलीपासून उठवून दाराजवळ बसवले आणि अंधाऱ्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तुकडा धरला, तर चेहऱ्यावरील सावली मवाळ होते. या तुकड्याला जेमतेम चहाचा खर्च येतो. फ्लॅश घ्यायचा झाल्यास डोके वर वळणारा घ्यावा आणि पांढऱ्या छतावर मारून प्रकाश खाली आणावा. मांडवातील लाल-पिवळ्या कापडावर मात्र तो मारू नये. नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर कापडाचा रंग उतरतो.

लांब राहिलेल्यांचा गट

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर किंवा कळमनुरीकडे इसापूरच्या जलाशयावर हिवाळ्यात पक्षी टिपू पाहणाऱ्यांच्या वहीत हा गट फुगलेला दिसेल. पक्षी ठिपक्याएवढा, पाणी अफाट. येथे लांब पल्ल्याची लेन्स लागते, हे मान्य केले पाहिजे. तथापि तिच्याआधीही एक फुकटचा उपाय आहे. २४ मेगापिक्सेलचे चित्र ६००० बाय ४००० ठिपक्यांचे असते. त्याची रुंदी-उंची निम्मी कापली, तरी ३००० बाय २००० ठिपके उरतात. इंचाला ३०० ठिपके धरले तर दहा इंच रुंदीची छपाई त्यातून होते. अल्बमला एवढे भरपूर आहे. एवढे कापूनही पक्षी लहानच राहत असेल, तेव्हा ७०-३०० मिलिमीटरसारखी लेन्स घ्यावी. लहान सेन्सरवर तिचे ३०० मिलिमीटर सुमारे ४५० मिलिमीटरसारखे वागतात. म्हणजे पक्ष्यांसाठी जुना, लहान सेन्सरचा कॅमेरा उलट सोयीचाच पडतो.

निर्जीवांचा गट

हा गट मोठा निघाला तर वाईट वाटून घेऊ नये. कारण यावरचा उपाय विकत मिळत नाही, आणि म्हणून त्याला पैसेही लागत नाहीत. औंढ्याच्या मंदिराच्या बाह्यांगावरील शिल्पे भर दुपारी सपाट दिसतात. सकाळचा तिरपा प्रकाश पडला की त्याच दगडात खोली येते, वस्त्राच्या चुण्या दिसू लागतात. दीड तास लवकर उठणे ही येथील खरी सुधारणा. हळद शिजवण्याचे काम चालू असताना पहाटेच्या गारव्यात उठणारी वाफ आणि तिच्यामागून येणारे कोवळे ऊन कोणत्याही कॅमेऱ्यात सुंदर उमटते. दहा वाजता त्याच जागी काही उरत नाही.

दुसरा उपाय संख्येला आवर घालण्याचा. अमेरिकेतील फेअरफिल्ड विद्यापीठाच्या लिंडा हेंकेल यांनी वस्तुसंग्रहालयात केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंची लोकांनी छायाचित्रे काढली, त्या वस्तू त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून ज्यांनी छायाचित्र काढले, त्यांच्या स्मृतीवर मात्र असा परिणाम दिसला नाही. बोध असा घेता येईल, की सरसकट टिपत सुटल्याने पाहणे कमी होते आणि निवडून टिपल्याने ते टिकते. एका फेरीत छत्तीसच छायाचित्रे काढीन, असा जुन्या फिल्मच्या रिळाचा नियम महिनाभर पाळून पाहावा.

तिसरा उपाय कॅमेऱ्यातच दडलेला असतो. छायाचित्रे ‘रॉ’ स्वरूपात साठवावीत, म्हणजे अंधारलेला भाग नंतर उजळता येतो. ‘डार्कटेबल’ किंवा ‘रॉथेरपी’सारखे संगणकावरील कार्यक्रम त्यासाठी मोफत मिळतात. मोबाइलनेच छायाचित्रे काढणाऱ्यांनाही हाच क्रम लागू आहे : आधी उजेड, मग लहान तिपाई, मग सराव, आणि या तिन्हींनंतरही हात अडेल तेव्हा कॅमेरा.

साधनांची मर्यादा मोठ्यांनाही होती. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याचे निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी वेरूळची लेणी काचेच्या पट्ट्यांवर टिपली. एकेका चित्रासाठी एकेक जड काच. होमाई व्यारावाला यांच्या हाती प्रदीर्घ काळ रोलिफ्लेक्स होता, ज्याची लेन्स बदलताच येत नाही. दिल्लीत साधने घेऊन त्या सायकलीने फिरत. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातील बहुतांश काम ५० मिलिमीटरच्या लेन्सवर केले. या तिघांचे काम पाहण्यात घालवलेला एक रविवार दुकानातील एका फेरीपेक्षा अधिक शिकवील.

जेव्हा छंदाची उपजीविका होते

आतापर्यंतचा विचार छंदासाठी होता. आपला मुलगा किंवा मुलगी लग्नकार्याची कामे घेऊ लागली असेल, तर क्रम बदलतो. मंगलाष्टके दुसऱ्यांदा म्हणता येत नाहीत. ऐन मुहूर्तावर बॅटरी संपली, कार्ड बिघडले किंवा शटर अडकले, तर एका कुटुंबाची कायमची हानी होते आणि पंचक्रोशीत नाव जाते ते वेगळेच. म्हणून व्यवसायात पहिली खरेदी सुंदर चित्रासाठी न करता खात्रीसाठी करावी : दोन जादा बॅटऱ्या, एका मोठ्या कार्डाऐवजी दोन-तीन मध्यम कार्डे, आणि त्याच रात्री चित्रांची प्रत उतरवून ठेवण्यासाठी दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या. त्यानंतर दुसरा कॅमेरा. तो जुना असला तरी चालेल. किंबहुना नवा कॅमेरा घेतला तरी जुना विकू नये. लग्नात तोच पाठीराखा.

नवा कॅमेरा घेण्याची रास्त कारणे मोजकी आहेत. एकाच वेळी दोन कार्डांवर चित्रे साठवण्याची गरज, धावत्या विषयावर फोकस न टिकणे, चलच्चित्रणाची कामे येऊ लागणे, किंवा असलेला कॅमेरा दुरुस्तीपलीकडे जाणे. यांपैकी एकही नसेल तर थांबावे. वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उडाले आहे ते विचारावे. प्राथमिक श्रेणीच्या अनेक कॅमेऱ्यांचे शटर साधारण १ लाख वेळांचे धरले जाते. आरशाचे कॅमेरे मागे पडून बिनआरशाचे पुढे आल्याने जुन्या पद्धतीच्या लेन्स वापरलेल्या बाजारात स्वस्तात मिळतात. मात्र ज्या पद्धतीत आज शिरू, तिच्यात पुढची दहा वर्षे राहावे लागते, हे ध्यानात ठेवूनच निवड करावी.

वाहणाऱ्या शरीराचा हिशेब

आता ज्या खर्चाची पावती मिळत नाही, त्याकडे वळू. साधा कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स मिळून वजन पाऊण किलोच्या आसपास भरते. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, २४-७० आणि ७०-२०० मिलिमीटरच्या एफ २.८ लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या आणि तिपाई धरली तर पिशवी पाच-सहा किलोंवर जाते. हे ओझे लग्नाच्या दिवशी दहा-बारा तास अंगावर असते, आणि तेही बहुधा एकाच खांद्यावर. शालेय मुलांच्या दप्तराचे वजन शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असे केंद्राचे २०२० चे दप्तर धोरण सांगते. मोठ्यांनीही ही मर्यादा पाळण्याजोगी आहे. पंचावन्न किलोच्या मुलीने सहा किलोंची पिशवी घेणे म्हणजे ती ओलांडणे होय.

कॅमेऱ्यासोबत मिळणारा गळ्यातील पट्टा सारा भार मानेवर टाकतो. त्याऐवजी छातीवरून तिरका जाणारा रुंद पट्टा आणि दोन्ही खांद्यांवर बसणारी, कमरेला बांधता येणारी पिशवी घ्यावी. लेन्सच्या आधी ही खरेदी केली तरी चुकणार नाही. तासाभराने कॅमेरा खाली ठेवून खांदे मागे फिरवावेत, हात सैल सोडावेत. खाली वाकून छायाचित्र काढताना कंबर न वाकवता गुडघे वाकवावेत. मान किंवा खांद्याच्या दुखण्यासोबत बोटांत मुंग्या येत असतील, हाताची पकड सैल होत असेल, तर बाम चोळत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

डोळ्यांबाबत एक ताकीद. लांब पल्ल्याच्या लेन्समधून आणि आरशाच्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. भिंगाने एकवटलेला प्रकाश दृष्टिपटलाला कायमची इजा करू शकतो. ग्रहणाच्या वेळी तर मुळीच नाही. रात्री संगणकावर चित्रे दुरुस्त करताना दर २० मिनिटांनी २० सेकंद तरी २० फुटांपलीकडे पाहावे. लग्नसराईत जागरणे होतातच. पण दुचाकीवरून मध्यरात्री परतण्यापेक्षा यजमानांकडेच मुक्काम करण्याचे कामाच्या बोलणीतच ठरवून घ्यावे. चैत्र-वैशाखात दुपारी उघड्यावर काम असेल तर टोपी, पाणी आणि सावलीतली विश्रांती हीदेखील साधनेच समजावीत. बंद मोटारीत कॅमेरा ठेवू नये, आणि माणसाने तर थांबूच नये.

साधनांचेही आरोग्य असते. हळदीच्या खळ्यावर धूळ उडत असताना लेन्स बदलू नये. पावसाळ्यात दमट कपाटात ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते. झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर ती टळते. असलेली लेन्स वाचवणे हीही एक बचतच आहे.

घरातील बोलणे

शेवटी पैसा. कॅमेऱ्याची किंमत नवे मॉडेल येताच घसरते. चांगली लेन्स तुलनेने मोल राखते. कर्जाच्या हप्त्यावर कॅमेरा घेणे म्हणजे झपाट्याने उतरणाऱ्या वस्तूवर व्याज भरणे. छंदासाठी हप्ता घेऊच नये. व्यवसायासाठी घ्यायचाच झाला, तर गेल्या हंगामात हाती आलेल्या पैशातून तो फिटतो का, हे पाहावे. येणाऱ्या हंगामाच्या आशेवर हिशेब मांडू नये. आपल्या भागात लग्नाच्या तिथी आणि पिकाचा पैसा दोन्ही पावसावर अवलंबून असतात, हे घरातील वडीलधाऱ्यांना अधिक चांगले माहीत असते. जी वस्तू घ्यावीशी वाटते, ती ओळखीच्या स्टुडिओतून एका दिवसासाठी भाड्याने आणून वापरावी. अनेकदा एका दिवसात हौस भागते, किंवा गरज पक्की होते. दोन्ही लाभाचेच.

सारांशाने क्रम असा मांडता येईल. प्रथम सराव, पहाट आणि थर्मोकोलचा तुकडा. मग खांद्याला मानवणारा पट्टा व पिशवी. मग तिपाई किंवा मोठ्या छिद्राची साधी लेन्स, वही जे सांगेल ते. मग फ्लॅश. मग लांब पल्ल्याची लेन्स, पक्ष्यांचा नाद असेल तर. कॅमेरा सर्वांत शेवटी. व्यवसाय असेल तर या सर्वांच्या आधी जादा बॅटऱ्या, कार्डे आणि प्रतींची सोय.

आईवडिलांना एवढेच सुचवावेसे वाटते, की मुलाने मागितलेला कॅमेरा नाकारण्याआधी त्याची ती शंभर फसलेली छायाचित्रे एकदा त्याच्यासोबत बसून पाहावीत. तांत्रिक काही कळले नाही तरी चालेल. आपल्या घराची चूल, आजीचे हात, शेतातील वाफ आपले मूल इतक्या वेळा का टिपत होते, हे कळेल. आणि मुलांनीही यादीत ‘नवा कॅमेरा’ असे लिहिण्याऐवजी नेमक्या वस्तूचे नाव, तिची किंमत आणि तिने दूर होणारी अडचण अशा तीन गोष्टी लिहाव्यात. अशा ओळीवर घरात बोलणे होऊ शकते. आणि त्या बोलण्यातून जो निर्णय होईल, तो घराला पेलणारा असेल.